म्हैस नावाची बर्फहोडी

रास अल खोरमधल्या त्या शेडचं शटर वर गेलं की आधी सागाच्या भुश्शाचा वास येतो, त्यामागून बाहेरच्या ट्रकांच्या डिझेलचा, आणि डोळे आतल्या अंधाराला सरावत असताना तिसरा एक. तो मोरीच्या तेलाचा. मोरी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल कोकणात होड्यांच्या लाकडाला चोळतात. दुबईच्या या भागात दारं घडवणारी, सोफे भरणारी, पेट्या ठोकणारी दुकानं रांगेने आहेत. मोरीच्या तेलाचा वास या एकाच शेडमध्ये येतो.

शेड अब्बांची. महिनाअखेरीला ती दुसऱ्या भाडेकरूकडे जाणार, आणि अब्बा नि अम्मी कायमचे दाभोळला. रंधायंत्र गेलं, करवत गेली, फळ्यांचा साठा शेजारच्या पठाणाने उचलला. राहिली ती वर, छताच्या लोखंडी कैच्यांना नायलॉनच्या दोरांनी टांगलेली. निमुळती, लांब, पोट खाली आणि तोंड शटरकडे. बर्फावर चालणारी शिडाची होडी. ती बांधली गेली याच शेडमध्ये, आणि तिने बर्फ कधीच पाहिला नाही.

अब्बांना जाण्यापूर्वी एवढीच एक गोष्ट मार्गी लावायची होती. होडी बर्फापर्यंत पोहोचली पाहिजे. बाकी कुठेही चालणार नव्हतं.

आधी एका कॅफेचा सजावटकार येऊन गेला. तरुण, नम्र, हातात मोजपट्टी. खाली उभा राहून बराच वेळ वर पाहत राहिला.

"अंकल, दो पीस करेंगे," तो म्हणाला. "एक दीवार पे, एक काउंटर. लोग फोटो निकालेंगे."

अब्बांनी त्याला दुधाचा कडक करक चहा पाजला. म्हणाले, "काउंटर मैं तुमको नया बना के देता. ये नहीं."

तो गेल्यावर ते अम्मीकडे आणि माझ्याकडे वळले. "होडी म्हातारी झाली की किनाऱ्यावर कुजते, नाहीतर मोडून चुलीत जाते. ते समजू शकतो. कापून भिंतीवर कोण लावतं?"

"मग विमानात घ्या तुमच्यासोबत," अम्मी म्हणाली. "खिडकीकडची सीट द्या तिला. मी बसते मागे, शौचालयाजवळ."

आर्वो पहिल्यांदा या शेडमध्ये आला तेव्हा आम्ही शारजात रोल्लाला राहत होतो, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून कोऱ्या कापडाचा वास जिन्याने वर यायचा आणि अम्मीच्या सुकटीच्या चटणीत मिसळायचा. आर्वो जहाजांची तपासणी करायचा. देश एस्टोनिया, बाल्टिक समुद्राच्या काठचा; तिथे हिवाळ्यात समुद्राची खाडी आणि तळी गोठतात. उंच, उन्हाने लाल झालेला, खिशात नेहमी सुपारीएवढ्या काळ्या कडवट गोळ्या. एक गोळी मला दिली होती. ती जिभेवर धरता आली नाही आणि थुंकताही आली नाही, कारण तो बघत होता.

त्याने कामाच्या बाकावर एक नकाशा उलगडला. पातळ कागद, कडा तुटलेल्या, मध्ये चिकटपट्टी. त्यावर एक होडी होती आणि तिला तीन पाय होते.

तिची हकिगत त्याने त्या दिवशी सांगितली, आणि नंतर अनेक शुक्रवारी तुकड्या-तुकड्यांत. एकोणीसशे तीसच्या दशकात, त्याच्याच देशात, ही जात आखली गेली. तोवर ज्याच्याकडे पैसा त्याची होडी मोठी, शीड मोठं, आणि शर्यत त्याचीच. म्हणून सगळ्या होड्या एका मापाच्या करायच्या ठरलं. पंधरा चौरस मीटर शीड, दोन माणसं, एक सुकाणूवर आणि एक शिडाच्या दोरावर, खाली तीन पोलादी पाती. नावही तेच, मोनोटाइप पंधरा. होडी सारखी असली की जिंकतो तो माणूस. ही कल्पना बाल्टिकच्या काठाने पसरली. मग युद्ध झालं, सीमा हलल्या, आर्वोचा देश एका मोठ्या देशात गेला. होड्या तळ्यांवर तशाच राहिल्या. त्याच्या वडिलांनी त्यातली एक चालवली, त्यानेही. पुढे अमेरिकेतून एकट्याने बसायच्या लहान बर्फहोड्या आल्या, मोटारीच्या टपावर मावणाऱ्या. मोनोटाइपला दोन माणसं लागतात, एक ट्रेलर लागतो, ठेवायला मोठी शेड लागते. त्या हळूहळू कमी झाल्या.

"यहाँ बर्फ किधर?" अब्बांनी विचारलं होतं.

"बर्फ नहीं, इब्राहिम. सबखा है. नीचे चक्का लगाएगा."

सबखा म्हणजे समुद्रामागची सपाट खारी जमीन. भरतीचं पाणी जमिनीखालून वर चढतं, उन्हात उडतं, आणि वर मिठाचा पापुद्रा राहतो. अब्बा तिला खाजणच म्हणायचे. त्यांच्या वाडवडिलांनी बांधलेल्या होड्या वाशिष्ठीच्या खाडीत उतरल्या होत्या. चिखल, खारी हवा आणि भरती-ओहोटी त्यांना समजावून सांगावी लागत नसे.

नकाशात प्लायवूड होतं. इथल्या उन्हात प्लायवूडचे थर सुटतात, म्हणून अब्बांनी सागाच्या पातळ फळ्या घेतल्या. इथपर्यंत ठीक. पुढे जे झालं ते दाभोळच्या माणसाकडूनच होऊ शकलं असतं. फळी बसली की दोन फळ्यांमधली फट भरायची. सुताचा कापूस हातावर वळायचा, तेलात बुडवायचा, बोथट लोखंडाने आणि लाकडी मोगरीने ठोकत ठोकत आत बसवायचा, वरून राळ. कितीतरी संध्याकाळी शेडमधून तो आवाज यायचा, टक टक टक, मध्ये थांबून पुन्हा. लाकडाचा सूर बदलला की फट भरली, असं ते म्हणत. दारं आणि कपाटं करता करता इतकी वर्षं त्यांना होडी मिळाली नव्हती. आता मिळाली होती.

होडी न्यायला आर्वो आला तो दिवस आमच्या घरात नंतर वर्षानुवर्षं सांगितला गेला. होडी लाकडी घोड्यांवर होती आणि काठोकाठ पाण्याने भरलेली. अब्बा खाली वाकून एकेका सांध्यावरून कोरडा हात फिरवत होते. दाभोळमध्ये होडी मालकाच्या ताब्यात देण्यापूर्वी आत पाणी भरतात. बाहेर थेंब आला नाही तर ती द्यायची.

आर्वो दारातच थांबला. "इब्राहिम. पानी अंदर क्यों?"

"टेस्टिंग," अब्बा म्हणाले. "एक ड्रॉप भी बाहर नहीं. देखो, हाथ लगाओ."

"पर ये पानी में जाता नहीं."

अब्बा कमरेवर हात ठेवून होडीकडे पाहत राहिले, जणू ती दुसऱ्या कोणी केली होती.

"चाकं लावायची ते माहीत होतं मला," ते नंतर अम्मीला सांगत होते. "पण तो सारखा बोट, बोट म्हणत होता. बोट म्हटल्यावर मी काय करणार?"

आर्वो इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. मग उठला, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, तोंडावर पाणी मारलं. "यल्ला, खाली करो," तो म्हणाला. कापूस काढून टाक असं तो म्हणाला नाही, आणि अब्बांनी विचारलंही नाही.

तेल आणि राळ पिऊन ती नकाशातल्यापेक्षा कितीतरी जड झाली होती. उचलायला लागलेल्या माणसांपैकी कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "ही तर म्हैस आहे." आर्वोने अर्थ विचारला, समजून घेतला आणि शब्द दोन-तीनदा घोळवला. त्याचा ह कधीच उमटला नाही. पण होडीचं नाव ठरलं. ज्या जातीत सगळ्या होड्या सारख्या, त्यातली ही एकटी वेगळी होती.

तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. जुम्म्याची नमाज, मग जेवण, मग पिकअप. होडी मागे बाहेर आलेली, तिच्या टोकाला अम्मीच्या जुन्या ओढणीचा लाल तुकडा बांधलेला. उम्म अल क्वैनच्या अलीकडे रस्ता सोडला की टायरांचा आवाज बदलायचा. आधी वाळूचा, मग काहीतरी कुरकुरीत फुटल्यासारखा. तिथे थांबायचं.

दार उघडलं की वास. मीठ, आणि मिठाखालच्या काळ्या चिखलाचा, सडक्या अंड्यासारखा. पहिल्या दहा श्वासांत नकोसा वाटे, नंतर कळेनासा होई, आणि घरी गेल्यावर कपड्यांतून पुन्हा येई. समोर काहीच नसायचं. पांढरं, मग चकाकणारं पांढरं, मग क्षितिजाजवळ पाण्यासारखं दिसणारं, जे पाणी नसे. उंट कधी लांबवर दिसले तर पाय नसलेले दिसायचे.

दुपार कलली की समुद्राकडून वारा सुटे. आर्वो तोंड वर करून, डोळे मिटून उभा राही. डोलकाठी आधी उभी, मग शीड, मग तारा ताणायच्या. ताणलेल्या तारेवर वारा आला की ती गुणगुणायची, आणि अब्बा बोटाने एक-एक तार छेडून बघायचे, मोटर मेकॅनिक पट्टा बघतो तसे. आर्वो सुकाणूवर, अब्बा दोरावर. वारा दमदार असेल तर मला अब्बांच्या पायांमध्ये बसवत, वजन म्हणून. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नव्हतं. ती एक नेमणूक होती.

सुरुवातीला ढकलावं लागे. चाकं पापुद्र्यात रुतायची, अब्बा आणि आर्वो दोन्हीकडून रेटायचे, दोघांच्या तोंडी आपापल्या भाषेतल्या शिव्या. मग शीड एकदम फुगायचं, ते दोघं पळत पळत आत उडी मारायचे, आणि त्यानंतर आवाजाचं सगळं बदलायचं. खडखड कमी होत होत एक सलग घरघर व्हायची, पाठीच्या मणक्यातून वर चढणारी. मिठाचे कण तोंडावर टाचण्यांसारखे लागत. अब्बांचा हात माझ्या डोक्यावर असे आणि दुसऱ्या हाताला दोर गुंडाळलेला. ते काहीतरी ओरडायचे, आणि ते माझ्यासाठी नसायचं. खाडीत वारा धरल्यावर जसं ओरडतात तसं.

म्हैस कधी फार वेगाने गेली नाही. तिथे आणखी काही युरोपीय लोक चाकांच्या हलक्या शिडगाड्या घेऊन येत. ते आमच्या बाजूने सुळकन निघून जायचे आणि जाताना हात करायचे. आर्वोही हात करायचा.

"बर्फ पे आवाज अलग," तो सांगायचा. "बर्फ गाता है. नीचे से. तुम ऊपर जाता, वो नीचे गाता."

बर्फ गातो म्हणजे काय, हे अब्बांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. तो तोंडाने आवाज काढून दाखवायचा, लांबलचक, उतरता, देवमाशासारखा. अब्बा ऐकायचे आणि मान हलवायचे. घरी येताना पिकअपमध्ये हळूच तो आवाज काढून बघायचे. जमायचा नाही.

मोसम उलटा होता. आर्वोच्या देशात होड्यांना उन्हाची भीती, बर्फ पातळ होतो. इथे पावसाची. डिसेंबर-जानेवारीत कधी दोन दिवस पाऊस पडला की सबखा लापशीसारखा व्हायचा आणि पुढचे कितीतरी शुक्रवार वाया जात. तेव्हा आर्वो आमच्या घरी येऊन बसे. अम्मी घावन करायची, तो घावनावर घरून आलेलं लोणी लावायचा आणि काळ्या पावाचा तुकडा अम्मीला द्यायचा. अम्मी तो नम्रपणे घ्यायची आणि तो गेल्यावर गॅलरीत कबुतरांना टाकायची. कबुतरंही विचार करायची. खिडकीतून रोल्लाच्या बाजाराचा आवाज यायचा, रिक्षा नसलेल्या पण बाकी सगळं असलेल्या गावासारखा, आणि आर्वो भिंतीला डोकं टेकून आपल्याकडच्या बर्फाबद्दल बोलत राहायचा. पहिला बर्फ काळा असतो. काळा म्हणजे पारदर्शक. खालचं गवत दिसतं.

"काळा बर्फ," अब्बा मला म्हणायचे. "लक्षात ठेव, चांगला बर्फ काळा असतो." जणू मला तो कधी खरेदी करायचा होता.

एका उन्हाळ्यात आर्वो परत गेला. त्या शुक्रवारी त्यांनी होडी रास अल खोरला आणली, चाकं काढली, दोर टाकून वर चढवली. आर्वोने तिच्या पोटावर थाप मारली. मग दोघं बाहेर पायरीवर बसले. मी शेडमध्ये मिठाचे पांढरे ठिपके मोजत होते, चाकांवरून फरशीवर पडलेले.

त्यानंतर दर वर्षी रमजानच्या आधी अब्बा होडी खाली उतरवायचे, धूळ पुसायचे, सांध्यांवर ताजं तेल फिरवायचे आणि पुन्हा वर. अम्मी त्या दिवशी त्यांचे कपडे वेगळे धुवायची. मी मोठी झाले, शिकले, इथेच नोकरीला लागले. सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर गेली. उम्म अल क्वैनच्या अलीकडचं ते वळण आता कुंपणाच्या आत आहे. आत घरं आहेत, कारंजी आहेत आणि हिरवळीखाली बाहेरून आणलेली गोड माती. कुंपणाबाहेर थोडा सबखा अजून आहे. लोक तिथे सूर्यास्ताचे फोटो काढतात. वास तोच आहे. माझी मुलगी सना नाकाला हात लावून गाडीतच बसते.

आर्वोला शोधून काढलं ते सनाने. अब्बांनी तिला फक्त नाव आणि गाव सांगितलं होतं. तिने त्या जातीच्या होड्यांचे शौकीन जिथे फोटो टाकतात ते पान शोधलं, म्हैस छताला टांगलेली आहे असा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिने फोन माझ्यापुढे धरला. खाली एकाने लिहिलं होतं की हा माणूस आमच्या क्लबात दर रविवारी कॉफी प्यायला येतो, त्याला दाखवतो.

व्हिडिओ कॉल शेडमधून लावला. पडद्यावर एक पांढऱ्या भुवयांचा म्हातारा आला, अगदी जवळ, अर्धं कपाळ.

"इब्राहिम," तो म्हणाला. मग, "मैस कैसा है?"

"म्हैस ठीक," अब्बा म्हणाले. "तुम बूढ़ा हो गया."

"तुम नहीं?"

"मैं भी. पर तुम ज़्यादा."

मग कामाचं बोलणं झालं. क्लब होडी घ्यायला तयार होता. या जातीच्या लाकडी होड्या आता मोजक्या राहिल्यात आणि तिथले तरुण त्या पुन्हा चालवू लागलेत. खोर फक्कानच्या बंदरातून निघणाऱ्या एका कंटेनरमध्ये जागा मिळत होती. अब्बांनी फोन सनाकडे दिला आणि होडी खालून दाखवायला सांगितली. सना पोटाखालून सरकत गेली, टॉर्च लावून. आर्वो बघत होता. मग त्याचा आवाज उतरला.

त्याने सावकाश समजावलं, आणि मध्ये शब्द अडला की इंग्रजीत. कापसात ओल मुरते. तिकडची थंडी वेगळी. ती ओल गोठते, फुगते, फळ्या फाकतात. पहिल्याच हिवाळ्यात पोट उकलेल. आहे तशी पाठवली तर क्लबच्या हॉलमध्ये भिंतीवर लावतील, खाली नाव लिहून, मान देऊन. बर्फावर उतरवायची असेल तर सगळा कापूस काढावा लागेल, फटी कोरड्या, उघड्या. त्यांचा सुतार तिथे काढेल.

"सोचो," आर्वो म्हणाला. "दोनों अच्छा है. मैं बुरा नहीं मानेगा."

फोन बंद झाला. अब्बा स्टुलावर बसले.

"नाना, भिंतीवर लावू देत ना," सना म्हणाली. ती आमच्याशी इंग्रजीत बोलते. नानांसाठी मराठी काढते, जपून ठेवलेल्या कपड्यांसारखी. "इट्स सेफ. आणि युअर वर्क पण तसंच राहील."

"भिंतीवर इथेही लागत होती," अब्बा म्हणाले.

"पण ती चूक तुमची नाही. यू डिडन्ट नो."

"चूक कसली? एक थेंब बाहेर आला नव्हता." त्यांनी मान वर करून होडीच्या पोटाकडे पाहिलं. "आमच्यात उघड्या फटींची होडी कोणी दारातून बाहेर काढत नाही. लोक थुंकतील तोंडावर. मेलेल्या माणसाचे डोळे मिटल्याशिवाय कोणी नेतं का? तसं."

"मग भिंत?" मी विचारलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. आम्ही शेडमध्ये पोहोचलो तेव्हा होडी खाली, घोड्यांवर, उलटी होती आणि अब्बा एका टोकाशी बसून वाकड्या आकड्याने पहिल्या फटीतला कापूस उकरत होते.

"त्यांचा सुतार काढणार आहे ना?" मी म्हणाले.

"त्याने भरला होता का?" अब्बा म्हणाले. "तो ओढून काढेल, कडा तोडेल. बस तिकडून. धर."

ते काम आवाजाचं नव्हतं. भरताना टकटक होती. काढताना फक्त खरखर, आणि मध्येच एखादा लांब पीळ अखंड सुटून आला तर एक मऊसर सुस्कारा. कापूस काळाभोर झाला होता, मधासारखा चिकट. पहिले थर कडक, आत अजून ओले. दर वर्षीच्या तेलाने ते जिवंत ठेवले होते. एकेक सांधा मोकळा झाला की आतून वेगळा वास यायचा, आधी तेल, मग राळ, आणि अगदी तळाशी, विश्वास बसू नये असा, मीठ आणि काळा चिखल. सना नाकाला हात लावायला गेली, हाताकडे पाहिलं, आणि राहू दिलं.

तिसऱ्या दिवशी अम्मीही आली, डबा घेऊन. शेडभर पसरलेल्या काळ्या दोऱ्यांकडे बघून म्हणाली, "कोणाच्या पोटातली आतडी काढलीत ही?" मग पदर खोचून बसली आणि पीळ गोळा करू लागली. तिचा मोबाईल मध्येच वाजला. दाभोळहून तिची बहीण विचारत होती, सामान किती आणताय. "सामान कुठलं," अम्मी म्हणाली, "तुझे भावजी म्हशीचं ऑपरेशन करतायत."

शेवटची फट बसायच्या जागेखालची होती. अब्बा तिथे थांबले. आकडा दोनदा टेकवला आणि उचलला. आम्ही तिघी आपापल्या कामात असल्यासारखं करत राहिलो. मग खरखर सुरू झाली आणि संपली.

होडी सरळ केली. शटर अर्धं उघडं होतं, दुपारचं ऊन आत येत होतं, आणि सगळ्या सांध्यांमधून ते होडीच्या आत उतरलं. टोकापासून टोकापर्यंत उजेडाच्या बारीक रेघा. अब्बांनी आत पाहिलं, लगेच मान वळवली, जसं कुणाचं उघडं अंग चुकून दिसावं.

आर्वोला फोन लावला. त्याने रेघा पाहिल्या. आपला चष्मा काढून पुसला.

"खलास," अब्बा म्हणाले. "सब खुला. पानी में मत डालना."

"यहाँ पानी छह महीना पत्थर है, हबीबी."

अब्बांनी यावर विचार केला.

"और बाकी छह महीना?"

"बाकी छह महीना बोट अंदर सोता है. छत के नीचे. मैं खुद देखेगा."

"तुम कितना दिन देखेगा? उम्र देखो अपना."

"मेरा बाद क्लब देखेगा. इन्शाल्ला."

अब्बांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं नव्हतं, पण बोलणं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी खोर फक्कानचा ट्रक आला. लाकडी खोकं अब्बांनीच ठोकलं होतं, आत होडी पट्ट्यांनी बांधलेली, डोलकाठी तिच्या बाजूला गोणपाटात. झाकण बसवण्यापूर्वी त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं आणि आत वाकले. बसायच्या जागेखाली त्यांनी पांढऱ्या, कोऱ्या कापसाची एक लड ठेवली. तिच्याशेजारी राळेचा घट्ट बंद डबा, मोगरी, आणि सांधे भरायचं ते बोथट लोखंड, ज्याची मूठ त्यांच्या हाताच्या आकाराची झाली होती. सगळं एका जुन्या लुंगीत नीट गुंडाळलं आणि पट्टीखाली सरकवलं.

"नाना, दे डोन्ट नीड इट," सना म्हणाली. "ते बर्फावर चालवणार."

"माहीत आहे."

"मग दाभोळला तुम्ही काय वापरणार?"

अब्बांनी झाकणाची एक बाजू धरली आणि दुसरी धरायला मला खूण केली. ट्रकचा ड्रायव्हर बाहेर घाई करत होता. हातोडा आधीच विकला होता आणि मोगरी आता खोक्यात होती. शेजारच्या पठाणाकडून हातोडा मागून आणावा लागला.